डोक्यात आवाज, ठोके, झटके: आवाज कशाने बदलतो ते आधी पाहा

'डोक्यात आवाज येतो' ही तक्रार सगळ्यांची सारखी असते, कारणं मात्र अजिबात सारखी नसतात. कुणाच्या कानात मळ असतो, कुणाचं हिमोग्लोबिन सातवर आलेलं असतं, कुणी मानसोपचाराची गोळी परस्पर बंद केलेली असते, तर कुणाच्या भिंतीपलीकडे सोसायटीचा पंप चालू असतो.

आवाज नेमका कसा आहे, रातकिड्यासारखा की शिट्टीसारखा, हे सांगण्यात बराच वेळ जातो आणि निदानाला त्याचा उपयोग थोडाच होतो. खरी माहिती दुसरीच असते: तो कशाने वाढतो, कशाने थांबतो, कशाच्या तालावर चालतो. खालच्या बहुतेक चाचण्या घरीच करता येतात आणि त्यांना खर्च नाही.

आधी घाईच्या गोष्टी

एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं आणि त्याच कानात सूं सुरू झालं, तर वाट पाहू नका. बरेचदा हे सकाळी उठल्यावर लक्षात येतं. माणूस म्हणतो, सर्दीने दडा बसलाय, सुटेल दोन दिवसांत. दडा असेल तर सुटेलही. पण आतल्या कानाची नस बसली असेल तर स्टिरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावे लागतात. दोन आठवडे उलटले की फायद्याची शक्यता बरीच घटते.

फरक ओळखायला एक सोपी चाचणी आहे. तोंड मिटून खालच्या पट्टीत 'म्म्म' असा हुंकार धरा. तो बंद वाटणाऱ्या कानात जास्त घुमला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे: मळ, पाणी, सर्दी. चांगल्या कानात जास्त घुमला तर दोष आतल्या कानाचा असण्याचा संशय घ्यायचा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची मोजणी, करूनच घरी यायचं. ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर ३० डेसिबल किंवा जास्त घट, ही या आजाराची व्याख्या. उत्तर संदिग्ध आलं तरी तपासणी करायचीच. हुंकार तुम्हाला घाई करायला सांगू शकतो, थांबायची परवानगी देत नाही.

आवाजाबरोबर तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, कधीच नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी एकदम उठणं, किंवा डोक्याला मार लागल्यावर कानातून रक्त अथवा पाणी येणं: यात कानाच्या डॉक्टरांकडे नाही, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं.

घरातला की डोक्यातला

खर्जातली घुमघुम असेल आणि ती घरीच, त्यातही रात्रीच येत असेल, तर आधी घर तपासा. मेन स्विच पाडा आणि इन्व्हर्टरही बंद करा. इन्व्हर्टर विसरला की चाचणी फसते, कारण वीज गेल्यावरच तो जास्त गुणगुणतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची घुमघुम १०० हर्ट्झची असते. इतका खालचा सूर भिंतीतून, पलंगातून, उशीतून कानापर्यंत येतो आणि कुठून येतोय ते कळत नाही.

मग फोमचे इअरप्लग घाला. बाहेरचा आवाज कमी होईल, आतला उलट ठळक होईल. फोनवर रेकॉर्ड करून काही आलं नाही म्हणून 'मग तो डोक्यातलाच' असं ठरवू नका. फोनचा माइक खर्जाला कच्चा असतो.

नाडीच्या तालावर ठोके

मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजा आणि आवाजाशी ताडून पाहा. शंका असेल तर दोन मजले चढून या. नाडीबरोबर आवाजही जलद झाला तर हा रक्तप्रवाहाचा आवाज आहे. 'कान वाजतात' म्हणून सोडून द्यायचा हा प्रकार नव्हे, कारण यात शोधलं तर अनेकदा ठोस कारण सापडतं.

पुढची पायरी: मान आवाजाच्या बाजूला पूर्ण वळवा. किंवा त्याच बाजूला जबड्याच्या कोपऱ्याखाली दोन बोटांनी अगदी हलका दाब पाच सेकंद द्या. शीर दबेल पण धमनी दबणार नाही, इतकाच हलका. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच दाबायच्या नाहीत. पक्षाघात होऊन गेलेल्यांनी, मानेच्या धमनीत अडथळा असलेल्यांनी आणि वयस्कांनी हा दाब देऊ नये, मान वळवण्यावरच थांबावं. एवढ्याने आवाज थांबला किंवा विरला तर तो बहुधा शिरेतला आहे.

पहिल्या फेरीत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तदाब. रक्त कमी असलं की हृदय तेच रक्त जोराने फिरवतं आणि कानाशेजारच्या शिरेतला खळखळाट ऐकू यायला लागतो. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांमध्ये हे कारण आधी पाहावं. लोहाच्या गोळ्या सुरू करून हिमोग्लोबिन वर आलं की ठोके जातात.

दुसरं कारण डोळ्यांशी जोडलेलं आहे. तरुण बाई, अलीकडे वजन वाढलेलं, डोकं दुखतं, आणि वाकून उठताना काही सेकंद डोळ्यांपुढे अंधार येतो. त्यात नाडीचे ठोके ऐकू येत असतील तर कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडे बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी लगेच करून घ्या. डोळ्याच्या नसेला सूज असेल आणि महिनोन्महिने दुर्लक्ष झालं तर गेलेली नजर परत येत नाही. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. या औषधांनीही हा दाब वाढतो. त्वचेची औषधं कानाच्या डॉक्टरांना कशाला सांगायची, असं वाटून ही माहिती राहून जाते.

कारण सापडलं नाही तर स्कॅन. इथे एक नेहमीची गफलत होते: मेंदूचा साधा एमआरआय होतो, 'नॉर्मल' येतो आणि फाइल बंद होते. शिरांसाठी एमआर व्हेनोग्राम, धमन्यांसाठी अँजिओग्राम आणि कानाच्या हाडासाठी बारीक कापांचा सीटी लागतो. यातलं काय झालंय आणि काय राहिलंय ते रिपोर्टच्या मथळ्यावर पाहून घ्या.

टकटक आहे, पण नाडीशी जुळत नाही? मग ते स्नायूंचं काम. टाळूचा स्नायू फडफडत असेल तर आरशात पडजिभेच्या आसपासची हालचाल दिसते, कधीकधी शेजारी बसलेल्यालाही टकटक ऐकू येते. मधल्या कानातले दोन इवलेसे स्नायू उडत असतील तर फडफड जाणवते, विशेषतः स्टीलची भांडी आपटली किंवा गालाला हात लागला की. जागरण आणि ताण कमी झाला की बहुतेकदा आपोआप शमते. टाळूची टकटक सतत चालू राहिली तर मात्र न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.

गिळताना, श्वास घेताना, आडवं होताना

गिळताना किंवा जांभई देताना टक् होतं, ते घसा आणि कान जोडणाऱ्या नळीचं. सर्दीत ते वाढतं. नाकाचे झायलोमेटाझोलिनचे थेंब फार तर पाच दिवस. त्यापुढे चालू ठेवले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

उलट, ती नळी बंद होण्याऐवजी उघडीच राहते असाही एक प्रकार आहे. स्वतःचा श्वास कानात फुसफुसतो, बोललेलं घुमतं. ओळख सोपी: आडवं पडलं किंवा खाली बसून डोकं गुडघ्यांमध्ये घातलं की थांबतं, उभं राहिलं की परत येतं. झपाट्याने वजन उतरवलेल्यांना आणि गरोदरपणात होतं. नाक सुकवणारे थेंब इथे त्रास वाढवतात. पाणी पुरेसं प्या, नाकात साधे सलाइनचे थेंब घाला, आणि आराम मिळतो म्हणून सारखं नाक वर ओढायची सवय लावू नका; त्याने कानाचा पडदा आत ओढला जातो.

आणि एक दुर्मिळ, पण वर्षानुवर्षं मानसिक समजला जाणारा आजार. पापड खाताना जगाचा आवाज बुडतो, चालताना टाचेचा ठोका डोक्यात वाजतो, आणि शांत खोलीत डोळे डावी-उजवीकडे फिरवले की बुबुळांची खरखर ऐकू येते. मोठा हॉर्न वाजला की क्षणभर तोल जातो. अशा माणसाला 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवलं जातं. आतल्या कानातल्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड उघडं पडल्याने हे होतं. कानाचे शल्यविशारद लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत हा आजार वर्णिला. टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाच्या हाडाचा, अतिशय बारीक कापांचा सीटी आणि व्हेम्प नावाची चाचणी यांवरून निदान होतं. शस्त्रक्रिया आहे, पण रोजचं जगणं अडलं तरच करायची.

मळ, बुरशी, किडा

मळाने दडा आणि घुमघुम दोन्ही होतं. कुशीवर झोपून, तो कान वर करून, हाताला कोमट लागेल एवढ्याच तापमानाचे खोबरेल तेलाचे किंवा मेडिकलमधल्या मळ सोडवणाऱ्या औषधाचे तीन-चार थेंब घाला आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. दिवसातून दोनदा, चार-पाच दिवस. पहिल्या एक-दोन दिवसांत दडा वाढतो, कारण मळ फुगतो. घाबरून काडी घालू नका. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर थेंब अजिबात नाहीत. कढवलेलं लसणाचं तेल कुणी सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा. आतली कातडी कागदासारखी पातळ असते, ती भाजते.

पावसाळ्यात दड्याबरोबर खाज असेल तर बुरशीची शक्यता जास्त, आणि तेल म्हणजे तिला खतपाणी. तिथे कान साफ करून घेणं आणि कोरडा ठेवणं हाच उपाय.

मध्यरात्री डोक्यात अचानक प्रचंड फडफड आणि कळ येऊन माणूस उठून बसला, तर बहुधा कानात किडा गेलाय. काडीने ओढायला जाऊ नका, तो आत सरकतो. कान वर करून खोबरेल तेल भरा. किडा मरतो आणि आवाज थांबतो. काढायचं काम सकाळी डॉक्टरांकडे. मूल हरभरा किंवा मणी घालून बसलं असेल तर मात्र काहीच ओतायचं नाही. पाण्याने हरभरा फुगून घट्ट बसतो.

दात आवळले की आवाज बदलतो

दात घट्ट आवळा, मग खालचा जबडा पुढे काढा, मग कपाळाला हात लावून डोक्याने हाताला रेटा. यांपैकी कशानेही आवाजाची पट्टी किंवा जोर बदलला तर जबडा आणि मानेचे स्नायू त्यात सामील आहेत. सकाळी कानशिलं दुखत असतील तर रात्री दात खाल्ले जात असणार. दंतवैद्याकडून रात्री दातांवर बसवायचा गार्ड करून घ्या, सुपारी आणि च्युइंगम बंद, काही आठवडे मऊ जेवण, मानेसाठी फिजिओथेरपी. कानाला हात न लावता आवाज कमी होणारे बरेच जण या गटातले.

एकसारखा सूं

वरच्या कुठल्याच चाचणीने न बदलणारा, सलग चालणारा सूं म्हणजे नेहमीचा टिनिटस. आतल्या कानातल्या संवेदी पेशी मेल्या की त्या फ्रिक्वेन्सीचा संदेश मेंदूकडे कमी जातो; मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि स्वतःचाच खरखराट ऐकू लागतो. म्हणून कान बंद केले तरी तो जात नाही.

ऑडिओमेट्री २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत होते. ४००० च्या आसपास खड्डा दिसला तर मोठ्या आवाजाने झालेली इजा समजावी. सगळं नॉर्मल आलं तर ८००० च्या पुढची हाय-फ्रिक्वेन्सी चाचणी मागा. सूं एकाच कानात असेल, किंवा दोन कानांच्या आलेखांत स्पष्ट फरक असेल, तर श्रवणनसेवरची गाठ नाही ना हे पाहायला कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करावा लागतो. ही गाठ क्वचितच सापडते आणि सापडली तरी बहुतेकदा कर्करोगाची नसते.

औषधांची यादी काढा. अमिकासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन कायमची इजा करू शकतात. जास्त डोसचं ॲस्पिरिन आणि क्विनाइन यांचा सूं औषध थांबल्यावर सहसा जातो. क्षयाची किंवा कर्करोगाची औषधं स्वतःहून बंद करायची नाहीत. डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं, ते डोस किंवा औषध बदलतात.

आवाजाचं गणित पाठ असावं: ८५ डेसिबल आठ तास, आणि त्यापुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. ढोल-ताशा पथकात तासन् तास उभं राहणाऱ्यांनी आणि डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांनी हिशोब आपला आपण करावा. विसर्जनानंतरचा सूं एक-दोन दिवसांत गेला म्हणजे कान वाचले असं नाही. दरवर्षी थोडं थोडं कमी होत जातं. फोमचा प्लग पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. अर्धवट घातलेला प्लग जवळजवळ निरुपयोगी.

आता गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. सूं घालवणारी सिद्ध झालेली गोळी आज नाही. चक्करेची बीटाहिस्टिन सर्रास लिहिली जाते, पण उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२० मध्ये, केवळ टिनिटससाठी ती देऊ नये असंच सांगितलं. गिंको या वनस्पतीचा अर्क आणि झिंक यांच्या विरोधात अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सहा महिने पट्ट्यांवर पट्ट्या संपवण्यापेक्षा तो पैसा श्रवणयंत्राकडे वळवावा.

उपयोग होतो तो असा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, तेही ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) आलेखाप्रमाणे बसवलेलं. बाहेरचे आवाज परत आले की सूं मागे पडतो. ऐकणं चांगलं असेल तर पार्श्वभूमीला पंखा, पावसाचा आवाज किंवा मंद तानपुरा. त्याचा आवाज सूंपेक्षा किंचित खाली ठेवायचा, दोन्ही ऐकू येतील इतका. सूं पूर्ण झाकला तर मेंदूला त्याची सवय होत नाही, आणि बंद केला की तो दुप्पट वाटतो. संपूर्ण शांतता तर टाळाच. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं होतं. त्यांतल्या ९४ टक्क्यांना काही ना काही आवाज ऐकू आले. झोप उडाली असेल, मन सतत तिथेच जात असेल, तर वर्तनोपचार, म्हणजे सीबीटी, याचा पुरावा सगळ्यांत भक्कम आहे. त्याने आवाज कमी होत नाही, त्याचा जाच कमी होतो. आज किती आहे हे रोज सकाळी कान देऊन तपासणं मात्र सोडावं लागतं. तेवढं एक केलं तरी फरक पडतो. श्रवणतपासणी आणि श्रवणयंत्रांसाठी मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

झोप लागता लागता स्फोट

डोळा लागतोय तोच डोक्यात फटाका फुटल्यासारखा, दार आपटल्यासारखा आवाज, कधी उजेडाची लखलख, छातीत धडधड, आणि दुखत मात्र काहीच नाही. अमेरिकी डॉक्टर सायलस विअर मिचेल यांनी १८७६ मध्येच याचं वर्णन केलं होतं. जागेपणातून झोपेत जाताना मेंदूचे भाग एकेक करून शांत व्हायचे ते अडखळतात, असं मानलं जातं. धोका नाही, उपचाराची सहसा गरज नाही. झोप पुरी करा, झोपेची वेळ ठरलेली ठेवा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. पण खरोखर डोकं दुखत असेल, अंगाला झटके येत असतील किंवा जीभ चावली जात असेल, तर हा तो प्रकार नाही, न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

नजर फिरवली की विजेचा झटका

क्षणभर डोक्यात करंट गेल्यासारखं होतं, 'झ्झट्' असा आवाज येतो, आणि विशेषतः डोळे बाजूला वळवताना. पहिला प्रश्न: नैराश्याची किंवा चिंतेची गोळी दोन-चार दिवसांत चुकली आहे का? पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन यांत हे सगळ्यांत जास्त दिसतं, कारण ती शरीरातून लवकर उतरतात. फ्लुओक्सेटिन हळू उतरतं म्हणून त्यात कमी. मेंदूला इजा होत नाही. उपाय म्हणजे लिहून दिलेल्या डॉक्टरांना फोन करून डोस पुन्हा सुरू करणं आणि मग आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या टप्प्यांनी उतरवणं. शेवटचे छोटे डोस उतरवताना सर्वांत सावकाश जायचं असतं. व्हेनलाफॅक्सिनची लांबवर काम करणारी कॅप्सूल दाणे चावून किंवा कुटून घेऊ नका, औषध एकदम सुटतं.

पंख्यात भजन

ऐकू कमी येणाऱ्या आजीला पंखा लावला की जुनी गाणी, आरत्या, दूरचा बँड ऐकू येतो. घरचे घाबरतात, आजी सांगायला लाजते. हा बहुतेकदा श्रवणाचा दोष असतो, वेडाचा नाही: कानाकडून माहिती कमी येते तेव्हा मेंदू आठवणीतली भर घालतो. गाणं बाहेर वाजत नाही हे आजीला ठाऊक असतं, ही मोठी खूण. श्रवणयंत्र आणि घरात बोलतं वातावरण, एवढ्याने बऱ्याच जणींचं कमी होतं. हे एकाएकी सुरू झालं असेल, सोबत ताप किंवा गोंधळलेपण असेल, तर त्याच दिवशी फिजिशियनना दाखवा.

शब्द ऐकू येत असतील, ते हुकूम देत असतील, नावं ठेवत असतील, आणि ऐकणाऱ्याला ते खरेच वाटत असतील, तर कानाच्या चाचण्यांत वेळ घालवू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम ऐकू येत असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका आणि थेट रुग्णालय गाठा.